उपाशी ठेवणाऱ्या सुनांचं घर

आहारतज्ज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई आता आपलं तूप बंद करणार. लग्नाच्या पंगतीत मी शेजारी येऊन बसले की ओळखीच्या बायकांचा जिलबीकडे गेलेला हात आखडायचा. अकोल्याच्या दवाखान्यात माझ्या टेबलासमोर बसणारे निम्मे लोक पहिलं वाक्य तेच बोलायचे, "मॅडम, भात सोडाले सांगू नका, बाकी काय बी सांगा." माझी सगळी नोकरी खरंच लोकांच्या ताटातून काहीतरी उचलून घेण्यात गेली. शुगरवाल्यांचा गूळ काढला, बीपीवाल्यांचं लोणचं काढलं, किडनीवाल्यांना तर पाणीसुद्धा मोजून प्यायला लावलं. दुवा कोणी दिली असेल असं वाटत नाही.

या कामात पुस्तकापेक्षा संशय जास्त उपयोगी पडतो. "मी काहीच खात नाही" आणि "मी सगळं खातो" ही दोन वाक्यं मी कधीच जशीच्या तशी मानली नाहीत. भातकुलीचे एक काका होते. त्यांना मी जेवणात दोनच भाकरी सांगितल्या. पुढच्या खेपेला वजन वाढलेलं. काका शपथेवर सांगायला तयार, "दोनच खाऊन राहिलो ना मॅडम, इचारा हिले." शेवटी त्यांच्या सुनेला मोबाईलवर भाकरीचा फोटो पाठवायला सांगितलं. भाकर परातीएवढी होती. काका खोटं बोलत नव्हते, मीच आकार सांगायला विसरले होते.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण संपादकांनी "अनुभव लिहा" म्हणून फोन केला तेव्हा मला आठवलं ते एकच घर, आणि त्यात गंमत फार थोडी आहे. माणसांची नावं बदलली आहेत, नाती इकडची तिकडे केली आहेत, गावही दुसरंच घेतलं आहे. ज्यांच्यावर हे लिहिलं त्यांनी वाचलं तरी त्यांना ते शेजारच्या घराचं वाटावं, इतकी काळजी घेतली आहे.

कमलताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, गजानन. शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागा असलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस. कमलताई अकोल्यात दिलेल्या. बांधा भरलेला, आवाज मोठा, हातात दोन डबे. भाऊ मात्र असा वाळलेला की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. शिवाय तो स्थिर बसत नव्हता. खांदा उडायचा, मान मध्येच वळायची, बोटं हवेत काहीतरी वाजवायची. बाहेर बाकावरच्या लोकांनी तो पिऊन आला आहे असं ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, याले जाडा करा," कमलताई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "बायको उपाशी मारून राहिली याले."

मी म्हटलं, "हे जेवतात किती?"

"माह्याकडे दोघांचं जेवते. तथी देतच नसन थे. साऱ्या गावाले मालूम हाय, मॅडम. आमच्या घराले सुनाच अशा भेटते." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "माह्या मायनंबी बापाले असंच मारलं. हाडाचा सापळा झाला होता मरतानी."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मी पेन खाली ठेवलं. मग कळलं ते असं. शेंदूरजन्याला त्यांच्या घराचं नावच पडलं होतं. तिथल्या सुना नवऱ्यांना जेवू घालत नाहीत, माल सांभाळतात आणि माणूस वाळवतात, असं लोक उघड बोलायचे. बाप वाळून गेला, तेव्हा बोट आईकडे गेलं. आता गजानन वाळत होता, तर बोट त्याच्या बायकोकडे, शोभाकडे. शोभाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लोकांना कारण शोधायचेही कष्ट पडले नाहीत. कमलताई तर तेरा-चौदा वर्षांच्या असल्यापासून हे मानत आलेल्या. लग्नानंतर माहेरी महालक्ष्म्या बसल्या की त्या यायच्या, देवीच्या पाया पडायच्या आणि आईच्या हातचा घास न घेता परत जायच्या. आई गेली तोपर्यंत हे चाललं.

माझा धंदाच संशयाचा. मी निम्मं खरं मानलं. घरातल्या माणसाला उपाशी ठेवल्याची उदाहरणं मी पाहिली होती, फक्त ती बहुतेक सुनांची किंवा सासूंची असायची, नवऱ्याचं हे पहिलंच. मी भरपूर जेवणाचा तक्ता लिहून दिला. भाकरीत तूप, वरणात तूप, शेंगदाण्याचा लाडू, केळं, दही, मधल्या वेळी शिरा. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाला तरी वाढून द्यायला मिळत होतं. मी हात आखडता घेतला नाही.

"एक महिना माह्या हातचं खाऊ द्या, मंग पाहा," कमलताई म्हणाल्या.

महिन्यानं त्या आल्या तेव्हा त्यांचा आवाज अर्धा झाला होता. गजाननचं वजन आणखी उतरलं होतं. माझ्या तक्त्यातलं सगळं, आणि त्याच्या वर पुरणपोळ्या, रोडगे, रात्री दूध, असं सगळं त्यांनी स्वतः बसून खाऊ घातलं होतं. शेजारणींनी पाहिलं होतं. "मॅडम, तुमचा तक्ता खोटा हाय," त्या माझ्यावरच उसळल्या. मग डोळ्याला पदर लावला. "आता लोक काय म्हणतीन? बहिनीनंबी उपाशी मारलं?"

मी त्यांचा डबा तिथंच उघडायला सांगितला आणि गजाननला माझ्यासमोर जेवायला बसवलं. आमच्या कामात हे फार कमी करतो आपण, पेशंटला जेवताना पाहणं. लोक सांगतात, आपण लिहून घेतो. गजानन जेवत होता आणि भरपूर जेवत होता, पण प्रत्येक घासाला त्याचं सगळं अंग राबत होतं. हात तोंडापर्यंत आणताना दोनदा चुकायचा, मान हलायची, मांडी उडायची. एक ठसका लागला तेव्हा चेहरा निळसर झाला. जेवून झाल्यावर तो घामाघूम होता. नांगरटीवरून आलेला माणूस दिसावा तसा.

तो लाजून म्हणाला, "मॅडम, मी कोनासमोर जेवत नाई. लोक हासते." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. तोपर्यंत त्याच्याबद्दल सगळे बोलत होते, त्याला कोणी विचारत नव्हतं.

थायरॉईड, शुगर, टीबी सगळं आधीच तपासून झालं होतं. मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनी मलाही आत बोलावून घेतलं. डॉक्टरांनी मेंदूची फिल्म काचेवर लावली. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, हालचालींना लगाम घालणारा एक भाग असतो. तो गजाननच्या मेंदूत वाळत चालला होता, आणि जिथं तो भरलेला असायला हवा तिथं काळी पोकळी रुंद झालेली दिसत होती. लगाम सैल झाला म्हणून अंग आपोआप उडतं. पुढे बोलणं, गिळणं, स्वभाव, विचार, सगळ्यावर हात पडतो. आणि वजन? मला वाटत होतं, अंग दिवसभर हलतं म्हणून खाल्लेलं जळतं. डॉक्टर म्हणाले, तेवढंच नाही. मेंदूत भूक आणि वजन सांभाळणारी जी जागा असते तिथंही हा आजार पोचतो. शरीर आतूनच जास्त जाळतं, आणि का ते अजून पुरतं कोणाला उलगडलेलं नाही. काहींचं वजन तर हात उडायला लागायच्या कितीतरी आधीपासून उतरू लागतं.

मग त्यांनी विचारलं, "वडलांना असं काही होतं?"

कमलताईंनी सांगितलं. बापाचा हात उडायचा, जेवताना सांडायचं, लोक दारुडा म्हणायचे, आणि शेवटी नुसती हाडं राहिली होती.

डॉक्टरांनी रक्ताची तपासणी केली, आणि तिचा अहवाल आल्यावर पुन्हा सगळ्यांना बसवून नीट समजावून सांगितलं. हा आजार आईबापांपैकी एकाकडून येतो. ज्याला असेल त्याच्या प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. नाणं उडवल्यासारखं, आणि प्रत्येक लेकरासाठी नव्यानं उडवलेलं. औषधानं हात थोडे शांत होतात, मूळ जात नाही.

कोणालाही वाटेल, कमलताई आता स्वतःचं विचारतील. त्यांना एक मुलगी होती, पल्लवी, अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये शिकवणारी. तिचं विचारतील. त्यांनी विचारलं वेगळंच.

"मंग माय?" त्या म्हणाल्या. "मंग मायनं काहीच नवतं केलं?"

डॉक्टरांना काय चाललंय ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही, ताई. आईनं काहीच केलं नव्हतं." त्यानंतर कमलताई खुर्चीत बसल्या त्या किती वेळ उठल्याच नाहीत. बाहेरचा पेशंट आत येऊन परत गेला. गजानन मात्र उठून बहिणीजवळ उभा राहिला आणि त्याचा उडता हात तिच्या पाठीवर ठेवायचा प्रयत्न करत राहिला. तो हात ठरत नव्हता.

गजानन शोभाकडे परत गेला. त्यानंतर माझ्याकडे यायची ती शोभा. शेंदूरजन्याहून वरूड, मोर्शी, अमरावती, अकोला असा एसटीचा प्रवास करून यायची. हडकुळी, कमी बोलणारी बाई. पिशवीतून संत्री काढून टेबलावर ठेवायची आणि माझ्या "नको" म्हणण्याकडे लक्ष द्यायची नाही. तिला मी शिकवलं ते साधंच होतं. पाणी पातळ असलं की ठसका लागतो, म्हणून ते घट्ट करून द्यायचं. सरळ बसवून, हनुवटी खाली घेऊन भरवायचं. घास छोटा, मऊ, तूप मुरलेला. कोरडं, भुरभुरणारं काही नाही. जेवताना टीव्ही नको, गप्पा नकोत. दिवसात तीनदा जेवण विसरायचं, थोडं थोडं सारखं द्यायचं. तिनं ते इतकं मनावर घेतलं की तिच्या दिवसात भरवण्याशिवाय दुसरं काही उरलं नाही. दूध उतू जातं म्हणून माणूस चुलीपुढून हलत नाही ना, तशी ती त्याच्यापुढून हलत नसे. आणि तरी तो उतरतच होता. माझ्या टेबलाशी ती वजनाचा आकडा सांगायची तेव्हा चोरी कबूल केल्यासारखा आवाज व्हायचा.

गावात तिच्याशी कोणी बोलत नसे. विहिरीवर, दुकानात, देवळात. मला हे कळलं तेव्हा मी चिडले. "तुम्ही सांगत का नाही लोकांना? डॉक्टरांचा कागद आहे. दाखवा आणि तोंडं बंद करा."

शोभानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या बाईला एवढंही कळत नाही.

"काय सांगू मॅडम? का मी उपाशी नाई मारलं, रक्तातच हाय? मंग लोक इचारतीन, कोनाच्या रक्तात? कमलताईच्या. अन पल्लवीच्या. पोरीसाठी पोरगं पाहून राहिले थे. एका बाईचं नाव खराब झालं तं एकच बाई खराब होते. रक्ताचं नाव खराब झालं तं पल्लवीले कोन करन?"

"मग पल्लवीला तरी सांगा."

"ताई म्हनते, सांगू नको. पोरगी जगनं सोडून देईन." मग ती म्हणाली, "आमाले लेकरू नाई झालं, मॅडम. आधी लई रडली मी. आता देवाचे आभार मानतो, अन आभार मानताना बी रडतो."

मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पल्लवीला तिच्या शरीरातलं जाणून घ्यायचा हक्क होता, घ्यायचं नसेल तर न घ्यायचाही. ज्या मुलाशी तिचं ठरेल त्याचाही काही हक्क होताच. मी शोभाशी भांडले, फोनवर कमलताईंशीही भांडले. पण आमच्या कामात पेशंटच्या घरची गोष्ट आपल्या तोंडून बाहेर काढायची नसते. हा नियम मी नोकरीत सगळ्यांना शिकवत आले होते, आणि आता तो माझ्याच घशात अडकला होता. दोघींचा आपसात करारबिरार काही झाला नव्हता. कमलताईंनी शोभाबद्दलचे आपले शब्द मागे घेतले नाहीत, शोभानं घ्यायला सांगितले नाहीत. एवढ्यावर ते चाललं.

दरम्यान मी रिटायर झाले आणि अमरावतीला माझ्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले. मी लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही, आणि जमलं नाही ते का, हा या लेखाचा विषय नाही. एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो हे मी हजार पेशंटांकडून ऐकलं होतं आणि दरवेळी "असं करून चालणार नाही" म्हणून दटावलं होतं. आता मी स्वतः सकाळची पोळी संध्याकाळी चहात बुडवून खाते. शोभा मात्र फोन करायची. कामाचं बोलणं संपलं की म्हणायची, "मॅडम, जेवल्या का?" दिवसभरात माझ्याशी एवढंच बोलणं झालेलं असायचं, असे दिवस पुष्कळ होते.

कमलताई एकदा अमरावतीला मुलीकडे आल्या होत्या, तेव्हा माझ्याकडे आल्या. दार उघडलं आणि मी क्षणभर ओळखलंच नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "भावाची चिंता," त्या स्वतःहून म्हणाल्या. हात उडत नव्हते, पाय स्थिर होते, बोलणं ठणठणीत. चहाबरोबर ठेवलेला चिवडा त्यांनी सगळा संपवला, मग केळं खाल्लं, मग विचारलं, "भाकर हाय का वो?" मी गरम भाकर करून दिली, तूप लावून. त्या खात होत्या आणि मी समोर बसून पाहत होते, गजाननला पाहिलं होतं तसं.

"डॉक्टरांना भेटून या," मी म्हटलं.

"काहाले?" त्या म्हणाल्या. "थे काय सांगनार थे तुमाले दिसूनच राहिलं ना."

त्या तपासणीला गेल्या नाहीत. पल्लवीचं लग्न ठरत आलं होतं.

गजानन गेला तो छातीत कफ भरून. या आजारात शेवटी पुष्कळदा असंच होतं, गिळलेलं चुकीच्या वाटेनं जातं. शोभानं मला फोन करून सांगितलं, "मी बरोबर सरळ बसवलं होतं, मॅडम. हनुवटी खाली होती." मी तिला सांगितलं की तिच्यामुळेच तो इतकी वर्षं जगला. तिला ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

तेरवीला मी गेले. अंगणात मांडव होता, पंगती मांडल्या होत्या. पुरी, वांग्याची भाजी, कढी, वरणभात, बुंदी. शोभा स्वतः वाढायला उभी राहिली आणि तिथंच घोळ झाला. गजाननचा एक म्हातारा चुलतभाऊ पत्रावळीसमोरून उठला आणि म्हणाला, "मले उपास हाय." बुधवार होता. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्यालाही उपास निघाला, मग तिसऱ्याला. बायकांच्या पंगतीतून एक आवाज आला, दबका पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "जिनं नवऱ्याले खाऊ नाई घातलं, तिच्या हातचं आमी काय खाचं?" वाढलेल्या ताटासमोरून माणसं कशी उठतात हे आमच्या घरानं पिढ्यानपिढ्या पाहिलेलं आहे, आमच्या आजोबांनी त्याच्याच पायी धर्म बदलला. त्यामुळे मला ते लगेच कळलं. मी जागची हलले नाही, मोठ्यानं "कढी आणा" म्हटलं. पण मी बाहेरची बाई. माझ्या जेवण्यानं शोभाचा काही फायदा नव्हता.

त्याच पंगतीत पल्लवीच्या होणाऱ्या सासरचे दोघंजण बसले होते.

कमलताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या. उठताना खांदा एकदा उडाला, तो मला दिसला, शोभाला दिसला. बाकीच्यांना बहीण रडून थकली आहे एवढंच दिसलं असेल.

"आयका," कमलताई म्हणाल्या. "माह्या मायचं नाव घेतलं तुमी आयुष्यभर. मीबी घेतलं. आता हिचं घेऊन राहिले. पन खरं काय हाय थे मी सांगतो. माह्या बापाले..."

पुढचा शब्द निघाला नाही. शोभा हातातली वाटी घेऊन दोन ढांगांत त्यांच्यापर्यंत पोचली आणि तिनं त्यांच्या तोंडात घास घातला. वरणभाताचा, तूप घालून बोटांनी मऊ केलेला, छोटा. "ताई, आधी जेवा," ती म्हणाली. कमलताईंनी तोंड फिरवायचा प्रयत्न केला. शोभानं डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरून हलकेच खाली केली. "भाऊ गेला तवापासून पोटात काही नाई यांच्या," ती लोकांकडे वळून म्हणाली. दुसरा घास, तिसरा घास. कमलताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड भरलेलं होतं, आणि मला माहीत होतं की भरल्या तोंडानं बोलायचं नाही हे शोभाला मीच शिकवलं होतं.

लोकांनी त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. "आता ननंदेच्या पुढं पुढं करून राहिली," असं मागून कोणीतरी म्हणालं. ज्यांना उपास होता ते निघून गेले. जे राहिले ते जेवले.

मला एसटीवर सोडायला पल्लवी आली, कोणाची तरी गाडी मागून घेऊन. स्टँडवर तिनं गाडी लावली, पण गेली नाही. माझ्याजवळ बाकावर बसली.

"मॅडम, मले माहीत हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, काय.

"मामाले काय होतं थे. आईलेबी सुरू झालं थे. अन मलेबी असू शकते थे." तिनं मामाच्या औषधाच्या गोळीचं नाव मोबाईलवर शोधलं होतं. तेवढं पुरलं होतं. "टेस्ट नाई केली. करीन कवातरी, हिंमत झाली तं. पोराले सांगतलं मी. पह्यल्याच भेटीत."

"काय म्हणाला?"

"रडला. मंग म्हणे, मले चालते, फक्त माह्या मायबापाले नको सांगू."

मला एकदम हलकं वाटलं. कितीतरी वर्षांनी कोणाशी तरी हे बोलायला मिळत होतं. मी म्हटलं, "मग आईला आणि मामीला सांग ना, पोरी. त्या दोघी तुझ्यासाठी..."

"म्हनूनच नाई सांगत," ती म्हणाली. "मामीनं गावाचं सारं आयकून घेतलं, कावून? मले कळू नये म्हनून. आज पाह्यलं ना तुमी? आता मी जाऊन सांगू, का मामी, मले दोन वर्सांपासून माहीत हाय? तिले वाटन, मंग मी सोसलं थे कोनासाठी?" तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तुमीबी नका सांगू, मॅडम. शपथ हाय."

माझी गाडी लागली. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ती बाकावरच बसलेली होती. वरूडपर्यंत मी रडत गेले आणि शेजारच्या बाईनं मला माहेरून निघालेली समजून आपल्याजवळचं पाणी दिलं.

पल्लवीचं लग्न झालं. शोभा लग्नाला गेली नाही; "मी गेली तं लोक नवरीले सोडून मलेच पायतीन," म्हणाली. कमलताईंचे हात आता चांगलेच उडतात. त्या बहुतेक काळ शेंदूरजन्यालाच असतात, कारण त्यांना भरवायचं कसं ते शोभाइतकं कोणाला येत नाही. गाव म्हणतं, नवऱ्याला खाल्लं, आता नणंदेला वाळवायला घेतलं. शोभा हे मला हसत सांगते.

तिचा फोन रविवारी येतो. कमलताईंच्या खाण्याचं विचारते, दह्याचं काय करू, केळं कुस्करून देऊ का. मग "मॅडम, जेवल्या का?" मी जेवले असं सांगते, जेवले नसले तरी. आणि ठेवता ठेवता ती आवाज खाली आणून दरवेळी एकच विचारते.

"पल्लवीले काही समजलं तं नाई ना, मॅडम? तुमच्या गावात राहते, तुमाले भेटत असन."

"नाही, शोभाताई," मी म्हणते. "तिला काहीच माहीत नाही."

"मंग झालं," ती म्हणते. तिच्या आवाजात इतकं समाधान असतं की फोन ठेवल्यावर मला बराच वेळ कोणाशी बोलवत नाही. तसं बोलायला घरात कोणी नसतंच.